काचेच्या गाडीला हवेचे फुगे

माझे सासरे त्यांच्या गाडीशी बोलत, माझ्याशी नाही. सकाळी बॉनेटवर थाप मारून ते तिला विचारत, "काय वं, उठली का?" आणि मी चहाचा कप घेऊन चार हातांवर उभी असले तर आत्याबाईंना सांगत, "ठेवून दे म्हण तिले." आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, जवळपास नसल्या तर ते हेच भिंतीला सांगत. यात राग नव्हता. आमच्याकडे तेव्हा सून सासऱ्याशी तोंड उघडून बोलत नसे आणि सासरा सुनेशी, एवढंच. मी त्यांना मामाजी म्हणे, पण मनातल्या मनात, कारण हाक मारायची वेळच येत नसे. आत्याबाई आमच्या दोघांमधलं तारऑफिस होत्या. या तारऑफिसात निरोप पोचायचा जरूर, पण वाटेत त्यातलं कडू आणि अवघड तेवढं गळून पडायचं.

ही एकोणीसशे सत्तरनंतरची गोष्ट. आमचं घर मौद्याला, कन्हान नदीच्या पुलापासून जवळ. मौदा तेव्हा अगदी लहान होतं. पुढच्या बाजूला दुकान होतं आणि दुकानात सगळा काचेचा कारभार: कंदिलाच्या काचा, बांगड्या, दिव्याच्या चिमण्या, चिनी मातीच्या बरण्या. मामाजी दर आठवड्याला नागपूरच्या इतवारीतून माल आणत. त्यासाठी त्यांनी कुठल्याशा खाणीच्या साहेबाकडून एक जुनी स्टेशन वॅगन घेतली होती. तिची मागची सीट काढून टाकली होती आणि मालाच्या वजनानं गाडी बसू नये म्हणून मागच्या कमानपाट्यांत दोन जास्तीचे पाटे घातले होते. तणसात, म्हणजे भाताच्या पेंढ्यात, काचा रचताना मामाजी असे काही दाबून रचत की खोकं उलटं केलं तरी आत हालचाल होत नसे. धंद्यातलं सगळं शहाणपण त्यांनी तीन शब्दांत बसवलं होतं: हललं का फुटलं, म्हणजे हललं की गेलंच. ते दुकानातल्या माणसांना सांगत, गिऱ्हाइकांना सांगत, आणि एकदा तर आमच्या लग्नात वरातीच्या घोड्यावर बसलेल्या आपल्या मुलालाही त्यांनी हेच सांगितलं.

लग्नानंतर चार वर्षांत माझी दोन बाळं गेली. पहिलं पाचव्या महिन्यात. दुसरं सहाव्या महिन्यात, आणि ते याच गाडीत दुखायला लागलं. नागपूरला एका नातलगाचं बारसं होतं. दुसऱ्याचं बारसं, आणि मी तिथं हौसेनं गेले होते. येताना गुमथळ्याच्या अलीकडे पोटात कळ आली. गाडी मामाजी चालवत होते. आत्याबाई पुढच्या सीटवर बसल्या बसल्या झोपल्या होत्या. "थांबवा" म्हणायचं कोणी आणि कोणाला? मी पदराचा बोळा तोंडात धरून बरण्यांच्या खोक्याला टेकून बसले आणि रस्त्यातला एक-एक खड्डा मोजत घरी आले. दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत सगळं संपलं होतं. त्यानंतर मामाजींनी पंधरा दिवस गाडी काढली नाही. मला वाटलं, बॅटरी गेली असेल.

तिसऱ्या वेळी मात्र माझे यजमान मला नागपूरच्या रामदासपेठेत एका डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. त्यांनी सगळं तपासलं, आधीचं सगळं विचारलं आणि माझ्या आणि आत्याबाईंच्या समोर स्पष्ट सांगितलं. माझ्या पिशवीचं तोंड कमजोर होतं. आधीची दोन्ही बाळं त्यामुळं गेली होती. गाडीत बसले नसते, पलंगावरून पाय खाली ठेवला नसता, तरी गेलीच असती. त्यांनी भरती करून घेऊन टाका घातला आणि आता तो नवव्या महिन्यापर्यंत टिकवायचा होता. त्यावर ताण नको, ओझं नको, गचके नकोत. सातवा लागला की दर पंधरा दिवसांनी दाखवायला यायचं आणि आठवा लागला की भरतीच व्हायचं.

घरी आल्यावर आत्याबाईंनी मामाजींना त्यातलं एवढंच सांगितलं, "गचके नको म्हणते डॉक्टरीण." बाकीचं बायकांचं होतं.

आता मौद्याहून रामदासपेठेत गचक्याविना जायचं कसं? एसटीचं तर नावच नको. भंडारा रोड तेव्हा असा होता की बसमधल्या कंडक्टरचेही दात वाजत. नागपुरात राहायला जागा नव्हती. यजमान नागपूरपलीकडच्या हिंगण्याच्या एका कारखान्यात पाळीवर होते आणि तिकडं तीन सोबत्यांबरोबर एका खोलीत राहून रविवारी घरी येत. माझं माहेर यवतमाळकडं, म्हणजे आणखी लांब. राहता राहिली ती काचेची गाडी. मी पलंगावर पडून राहायची, खिडकीतून ती समोर दिसायची आणि मला वाटायचं, ही माझी वाट पाहून राहिली.

एका रविवारी यजमान घरी आले ते दोन काळे रबरी फुगे घेऊन. एकावर एक दोन मेदूवडे ठेवावेत तसे दिसत, फक्त ताटाएवढे मोठे. कारखान्यातलं एक परदेशी मशीन अशा फुग्यांवर बसवलं होतं, म्हणजे त्याची थरथर जमिनीत जात नसे. ते मशीन भंगारात निघालं तेव्हा यांनी फुगे उचलले. तिकडं परदेशात मोटारगाड्यांनाही पाट्यांच्या जोडीला असे हवेचे फुगे लावतात, असं त्यांच्या इंजिनिअर साहेबांनी सांगितलं होतं. मामाजींनी फुगा हातात घेतला, दाबला, हुंगला. मग विचारलं, "अन् फुटला तं?"

"फुटला तर खाली पाटे आहेतच," यजमान म्हणाले.

दुसऱ्याच दिवशी नागपूरहून मिस्त्री आला.

काम एका दिवसाचं होतं, लागले चार. मिस्त्रीनं मागचे जास्तीचे पाटे काढले, एक्सलवर लोखंडी प्लेटा वेल्डिंग केल्या, फुगे एक्सल आणि चासी यांच्या मध्ये बसवले, आणि हवा भरायची नळी मागच्या नंबरप्लेटीजवळ काढली. पहिल्यांदा त्यानं दोन्ही फुगे एकाच नळीला जोडले. गाडी वळणावर गेली की एका फुग्यातली हवा दुसऱ्यात पळायची आणि गाडी दारू प्यायल्यासारखी एका अंगावर झुकायची. मामाजींनी ते दुरून पाहिलं आणि डोक्याला हात लावला. मग पुन्हा सगळं खोललं, दोन फुग्यांना दोन वेगळ्या नळ्या आणि दोन वॉल्व्ह. मी खिडकीतून हे सगळं पाहत होते. वेल्डिंगच्या ठिणग्या उडाल्या की मी पोटावर हात ठेवायची. लोक म्हणतात, अशा दिवसांत चांगलं-चांगलं पाहावं. मी मिस्त्रीचे गाडीखालून बाहेर आलेले पाय पाहत होते.

चौथ्या दिवशी परीक्षा झाली. मामाजींनी गाडीत बारा खोकी कंदिलाच्या काचा भरल्या, पायपंपानं हवा भरली, गाडीचं मागचं अंग वर आलेलं वितीनं मोजलं आणि गुमथळ्यापर्यंत जाऊन परत आले. खोकी उघडली. एकही काच तडकली नव्हती. त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं.

जाताना मिस्त्री म्हणाला, "काका, वजन पाहून हवा ठेवा. माल असला तं जास्त, रिकामी असली तं कमी."

"माही गाडी रिकामी कधी जाते गा?" मामाजी म्हणाले. आणि तिथंच खरी चूक झाली. पण ती चूक आहे हे तेव्हा ना त्यांना कळलं, ना मला.

पहिल्या फेरीला मामाजींनी पहाटेच गाडीत खोकी रचली, त्यांच्या वजनावर हवा भरली, विती मोजल्या, आणि मग खोकी काढून त्या जागी मला ठेवलं. ठेवलं हाच शब्द खरा. गादी, तिच्या दोन्ही बाजूंना तणसानं भरलेली पोती, पायाशी गोधड्यांचा गठ्ठा, डोक्याशी लोड. आत्याबाईंच्या हातून त्यांनी ती पोती अशी ठासून बसवून घेतली की मला कूस बदलता येईना. हललं का फुटलं. ते सगळं झाल्यावर त्यांनी खिडकीतून आत पाहिलं आणि आत्याबाईंना म्हणाले, "विचार तिले, ठीक हाय का."

"ठीक हाय म्हणते," मी काही म्हणायच्या आत आत्याबाई म्हणाल्या.

मी काही बारा खोक्यांएवढी नव्हते. बारा खोक्यांसाठी भरलेली हवा माझ्या वजनाला काय जुमानणार? फुगे दगडासारखे टणक झाले होते. प्रत्येक खड्ड्यात गाडीचं मागचं अंग टपकन उडायचं आणि खाली यायचं. पोती घट्ट असल्यामुळं मी कुठं सरकत नव्हते, म्हणून तो दणका सगळाच्या सगळा पोटात जायचा. जुन्या पाट्यांचा गचका निदान ओळखीचा होता. हा नवा होता आणि मी तो डोळे मिटून घेत होते. टाका म्हणजे नक्की काय असतं ते मी पाहिलं नव्हतं. माझ्या डोळ्यांसमोर आपली ब्लाउजची शिवण यायची, आणि प्रत्येक दणक्याला तिचा एक दोरा सुटायचा.

रामदासपेठेत पोचल्यावर मामाजींनी आत्याबाईंना विचारलं, "त्रास तं नाही न झाला तिले?"

मी आत्याबाईंकडे पाहिलं. त्या माझ्याकडे पाहत होत्या. त्या माणसानं चार दिवस धंदा बंद ठेवून ही गाडी माझ्यासाठी खोलली होती. त्याला काय सांगणार, तुमचे फुगे वाईट आहेत? मी मान हलवली. आत्याबाई म्हणाल्या, "एकदम पाळण्यासारखी वाटली म्हणते." पाळणा हा शब्द मी उच्चारलासुद्धा नव्हता. मी तो त्या दिवसांत चुकूनही उच्चारत नसे.

पाळणा ऐकून मामाजींना हुरूप आला. फुग्यात हवा जास्त म्हणजे गाडी मऊ, असा त्यांचा साधा हिशेब. दुसऱ्या फेरीला त्यांनी आणखी हवा भरली. पंपाचा फस-फस आवाज मी आत पडून ऐकत होते आणि मनात म्हणत होते, पुरे करा हो, पुरे करा. त्या फेरीत पारडीच्या नाक्यापर्यंत माझी कंबर भरून आली. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि त्यांचा चेहरा उतरला. टाका धरून होता, पण ताणला गेला होता. "तुम्ही येता कशानं?" त्यांनी विचारलं. आत्याबाईंनी अभिमानानं फुग्यांच्या गाडीचं सांगितलं. बाई म्हणाल्या, "मग आता एकदाच या. आठवा लागला की लगेच, आणि सावकाश. पुन्हा इतका ताण आला तर माझ्या हातात काही राहणार नाही."

मी ते पंधरा दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. बाळ हललं की भीती, नाही हललं तर जास्त भीती. रविवारी यजमानांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बाबांना सांगतो हवा कमी करायला." सांगितलंही त्यांनी. पण मामाजींनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुह्या मायले विचार. पाळण्यासारखी वाटते म्हणे." आत्याबाई ताटं उचलून आत गेल्या. यजमान सोमवारी हिंगण्याला परत गेले. चूक कोणाची म्हणायची? माझीच म्हणा. मला तोंड होतं आणि ते मी बंद ठेवलं होतं.

आठवा लागला तो वैशाखात. ऊन असं की मामाजी स्टेअरिंगला ओलं फडकं गुंडाळत. सकाळी पुन्हा तोच सोपस्कार: खोकी, पंप, विती, आणि मग मी. आत्याबाईंनी हातावर दही ठेवलं. गाडी निघाली, कन्हानचा पूल ओलांडला आणि मथनीच्या पुढं रस्ता उखडलेला निघाला. नवी गिट्टी, म्हणजे खडी, टाकली होती, पण रोलर फिरला नव्हता. गाडी गिट्टीवर चढली आणि मागचं अंग असं नाचू लागलं की माझे दात दातांवर आपटले. तिसऱ्या का चौथ्या दणक्याला पोटात कळ आली.

ती कळ मी ओळखली. दोन वर्षांपूर्वी याच रस्त्यावर भेटली होती.

"आत्याबाई," मी म्हटलं, "दुखून राहिलं."

त्यांनी पुढच्या सीटवरून मागं वळून पाहिलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला. पण त्या म्हणाल्या काय, तर "धर थोडं, पोरी. आता थोडंच राहिलं." थोडं म्हणजे पंधरा-सोळा मैल होते. मी पदराचा बोळा केला, तोंडापाशी नेला. आणि तो बोळा पाहूनच मला इतका राग आला, स्वतःचा, त्या पोत्यांचा, पिढ्यान्‌पिढ्या गिळलेल्या सगळ्या शब्दांचा, की मी तो फेकून दिला.

"मामाजी, गाडी थांबवा."

गाडी जागच्या जागी थांबली. मामाजींनी मागं पाहिलं नाही. त्यांनी आत्याबाईंना विचारलं, "काय म्हणून राहिली ती?"

"आत्याबाईंना नका विचारू, मला विचारा," मी म्हटलं. माझा आवाज मला ओळखू येत नव्हता. "फुगे फार टाईट आहेत. पहिल्या दिवसापासून आहेत. तुम्ही हवा खोक्यांच्या वजनाची भरता आणि नेता मला. मी काच नाही, मामाजी. मला दाबून बसवू नका. हवा काढा."

ते उतरले. मागचं दार उघडून त्यांनी एकेक पोतं ओढून रस्त्याच्या कडेला टाकलं. मग नंबरप्लेटीपाशी उकिडवे बसले. खिशातली आगपेटी काढल्याचं ऐकू आलं, मग काडी वॉल्व्हमध्ये दाबल्याचा आवाज, फुस्स. गाडी माझ्याखाली किंचित खाली बसली. दुसऱ्या बाजूनं फुस्स.

"आता?" त्यांनी विचारलं. कोणाला, ते सांगावं लागलं नाही.

"आणखी," मी म्हटलं.

ते पुन्हा बसले. मग त्यांनी गाडी शंभर पावलं चालवून पाहिली, थांबवली, उतरले. "आता?" "थोडी आणखी." असं तीनदा झालं. तिसऱ्या वेळी गाडी गिट्टीवरून गेली आणि दणका आलाच नाही. गाडी नुसती वर-खाली झाली, हळू. माझी कळ ओसरत होती. मी तसं सांगितलं. मला वाटलं, आता ते गाडीत बसतील. पण ते मागच्या दारापाशीच उभे राहिले. हात काळे झालेले, टोपी मागं सरकलेली, नजर जमिनीवर.

"त्या पोराच्या वेळी काहून नाही सांगितलं वं?" ते म्हणाले. "दुखून राहिलं होतं तुले, माह्या ध्यानात आलं होतं आरशात. मले वाटलं, बोलन कोणी तरी. म्या थांबवली असती. म्याच मारलं त्याले या गाडीनं."

मला काही क्षण समजलंच नाही. मग समजलं. पंधरा दिवस न काढलेली गाडी, चार दिवसांचं वेल्डिंग, विती, पंप, सगळं एकदम समजलं. दोन वर्षं हा माणूस माझ्या बाळाला मारल्याचं ओझं घेऊन माझ्यासमोर चहा पीत होता.

"नाही, मामाजी," मी म्हटलं. "गाडीनं नाही गेलं ते. डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं. माझ्या पिशवीचं तोंड कमजोर होतं. घरी पडून राहिले असते तरी गेलं असतं."

ते आत्याबाईंकडे वळले. "तुले मालूम होतं?"

आत्याबाई रडत होत्या. "असल्या गोष्टी माणसाले सांगतेत का?" त्या म्हणाल्या.

कडेच्या पोत्यातलं मूठभर तणस घेऊन मामाजी बराच वेळ हात पुसत राहिले. मग गाडीत बसले आणि आम्ही निघालो.

टाका सव्वा महिना आणखी टिकला. मला मुलगी झाली, अशक्त पण जिवंत, आणि रडायला लागली ती इतकी की वॉर्डातल्या बायका कंटाळल्या. यजमान तिची बोटं मोजत बसले. मामाजींनी दारातूनच पाहिलं आणि ते गाडीची हवा तपासायला खाली गेले.

बाराव्या दिवशी आम्ही घरी निघालो. मागं पोती नव्हती, खोकी नव्हती, फक्त गादी आणि गादीवर मी, कुशीत ती. पारडीच्या नाक्यावर पहिला खड्डा आला, गाडी हलकेच वर-खाली झाली, आणि आरशातून मामाजींनी विचारलं, "आता?" मी म्हटलं, ठीक. पुढच्या खड्ड्याला पुन्हा, "आता?" कापसीपर्यंत त्यांनी पंचवीस वेळा तरी विचारलं असेल. मुलगी जागी होत होती आणि ते रस्त्यापेक्षा आरशातच जास्त पाहत होते.

"मामाजी," मी शेवटी म्हटलं, "काही झालं तर मी सांगीन. आता मी सांगीन. तुम्ही समोर पाहून चालवा."

"बरं," ते म्हणाले, आणि समोर पाहू लागले.